स्वच्छतेचा नियम पाळू, सोवळ्याचा नव्हे!

पोळी-भाजीचा डबा हवा म्हणून एखादे गिऱ्हाईक आपल्या वस्तीतल्या ताईला फोन करते. भाव विचारते, वेळ विचारते, भाजी तिखट असते का तेही विचारते. मग आवाज थोडा खाली येतो आणि खरा प्रश्न पुढे येतो, "ताई, तुमचं आडनाव काय?" पाणी कुठले वापरता, उरलेल्या भाताचे काय करता, हात कशाने धुता, यातले काहीही विचारले जात नाही. आडनाव कळले की "कळवतो" म्हणून फोन ठेवला जातो आणि पुन्हा कधीच काही कळवले जात नाही. घरी चार डबे करून संसाराला हातभार लावू पाहणाऱ्या आमच्या भगिनींना हा "कळवतो" चांगलाच ओळखीचा आहे.

एका बाजूला हा आडनावाचा प्रश्न आहे. दुसऱ्या बाजूला सरकारचा एक अर्ज आहे. घरी शिजवून विकणाऱ्याने अन्न सुरक्षेच्या नोंदणीसाठी भरायचा हा नमुना 'अ'. त्यात एक रकाना असा आहे की पाणी कुठून येते, सार्वजनिक नळाचे, खासगी की आणखी कुठले? समाज आडनाव विचारतो, कायदा पाणी विचारतो. या दोन प्रश्नांमधला फरक ज्याला कळला, त्याला स्वच्छता आणि सोवळे यांतला फरक कळला. आज या स्तंभातून आम्हाला त्याविषयीच बोलायचे आहे.

आधी कायदा समजून घेऊ. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला आणि त्याखालील परवाना व नोंदणीचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. १९५४ चा जुना भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन त्याची जागा या कायद्याने घेतली. जुन्या कायद्याचा सारा रोख भेसळ पकडण्यावर होता. नव्या कायद्याने अन्न तयार करणाऱ्या, साठवणाऱ्या, वाहून नेणाऱ्या, वाटणाऱ्या आणि विकणाऱ्या प्रत्येकाला जबाबदार धरले. नफ्यासाठी करा अथवा बिननफ्याने करा, तो अन्न व्यवसायच, असे कायद्याची व्याख्या सांगते. म्हणजे "आम्ही काय हॉटेल थोडेच चालवतो, घरातच तर करतो" हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही. स्वयंपाक घरच्या ओट्यावर झाला तरी तो दुसऱ्याला विकला की नियम लागू झाला.

पण याच कायद्याच्या कलम ३१ ने लहान माणसाला मोठ्या कारखान्याच्या परवान्यातून मोकळे ठेवले आहे. छोटा उत्पादक, फेरीवाला, तात्पुरता स्टॉल लावणारा यांना परवाना नको, फक्त नोंदणी हवी. २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला छोटा व्यावसायिक मानले, दिवसाला १०० किलो अथवा लिटरपर्यंत उत्पादनाची मर्यादा घातली आणि नोंदणीची फी वर्षाला फक्त १०० रुपये ठेवली. ओळखपत्र, फोटो आणि स्वच्छतेचे नियम पाळण्याचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र, एवढी ही मांडणी. अर्ज दिल्यावर सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यावी, नाकारावी अथवा तपासणीची नोटीस द्यावी. सात दिवसांत यातले काहीच झाले नाही, किंवा तपासणी ठरूनही ३० दिवसांत निर्णय आला नाही, तर अर्जदाराने धंदा सुरू करावा, असेही त्याच नियमांनी लिहून ठेवले. रकमा, मर्यादा आणि मुदती सरकार वेळोवेळी बदलत असते, म्हणून अर्ज भरताना त्या दिवशीचा नियम पाहून घ्यावा. पण मूळ तत्त्व ध्यानात ठेवावे. लहान माणसासाठी दार उघडे आहे आणि त्या दारावर जातीचा पहारेकरी उभा नाही.

ही गोष्ट साधी वाटते. पण ज्या समाजात अन्नाचे दार शेकडो वर्षे जातीनेच उघडले आणि जातीनेच बंद केले, त्या समाजात ती साधी नाही.

मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? १०८ घागरी पंचगव्य त्या तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती ते तळे माणसाच्या ओंजळीने बाटले आणि शेण-गोमूत्राने शुद्ध झाले! आरोग्यशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हे बसणार नाही. पाण्याला जंतूंपासून वाचवण्याची त्यांना काळजी नव्हती, जातीला समतेपासून वाचवण्याची काळजी होती. सोवळ्याचा आणि स्वच्छतेचा संबंध किती आहे, हे महाडने कायमचे दाखवून दिले.

मुंबईच्या गिरण्यांत तेच घडले. विणकाम खात्यात पगार जास्त मिळे, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, असे स्पृश्य कामगार म्हणत. अनेकांनी एकच धोटा तोंडाला लावणे हे कोणाच्याही आरोग्याला वाईट, म्हणून ती पद्धतच बंद करा, असे मात्र ते म्हणाले नाहीत. एकमेकांची थुंकी चालत होती, फक्त आमची चालत नव्हती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणकाम खाते आमच्या माणसांना खुले करण्याची मागणी केली.

आणि कोल्हापूरचे गंगाराम कांबळे! पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झालेल्या या माणसाला राजर्षी शाहू महाराजांनी पैसे देऊन चहाचे दुकान काढून दिले. पण दुकान काढून भागते का? अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः त्या 'सत्यसुधारक' हॉटेलपुढे गाडी थांबवत, चहा मागवत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तो पाजत. भांडवल देणे हे अर्धे काम आहे, गिऱ्हाईक मिळणे हे उरलेले अर्धे, हे शाहू महाराजांना शंभर वर्षांपूर्वी कळले होते. आजच्या स्वयंरोजगार योजना आखणाऱ्यांना ते अजून कळलेले दिसत नाही.

हा सगळा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित महिला शास्त्रज्ञाने आपल्या स्वयंपाकीण बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला, हा त्या बाईंचा गुन्हा! निषेध झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. अन्न खराब होते असा आरोप त्या तक्रारीत नव्हता. तोवर ते गोड मानूनच खाल्ले होते. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सुखीढांगच्या शाळेत दलित भोजनमातेच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले. तिला कामावरून काढले गेले आणि ओरड झाल्यावर परत घेतले गेले. मार्च २०२४ मध्ये झोमॅटो कंपनीने 'शुद्ध शाकाहारी' गिऱ्हाइकांसाठी हिरव्या कपड्यांतील वेगळे डबेवाले जाहीर केले आणि टीका होताच दुसऱ्याच दिवशी तो वेगळा गणवेश मागे घेतला. विज्ञान शिकलेली बाई, सरकारी शाळा आणि मोबाईलवर चालणारी कंपनी! काळ बदलला, साधने बदलली, सोवळे तेवढे राहिले.

म्हणून आम्ही म्हणतो की अन्न सुरक्षेचा नियम हा आमच्या विरोधातला नियम नाही. तो आमच्या हातात घेण्याचा नियम आहे. सोवळे जन्मावरून ठरते, ते कष्टाने मिळवता येत नाही. स्वच्छता मात्र ज्ञानाने आणि साधनाने कोणालाही मिळवता येते. जंतूला जात कळत नाही. सोवळ्यातल्या हातावर पिकलेला फोड असेल तर त्यातले जंतू अन्नात विष तयार करतील आणि ते विष अन्न पुन्हा गरम करूनही जाणार नाही. आमच्या ताईने साबणाने हात धुतले, जखमेवर पट्टी बांधून वर हातमोजा घातला, किंवा त्या दिवशी सरळ डबा बंद ठेवला, तर तिचे अन्न सुरक्षित राहील.

नियम पाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, हेही आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे सांगितली आहेत. स्वच्छता ठेवा, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवा, पूर्ण शिजवा, योग्य तापमानात ठेवा, सुरक्षित पाणी वापरा. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये रेंगाळले की जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून ते दोन तासांहून जास्त वेळ तसेच उघड्यावर ठेवू नये. ते वाफाळते गरम ठेवावे, नाहीतर लवकर थंड करून फ्रीजमध्ये ठेवावे. भाताची विशेष काळजी घ्यावी. त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि सकाळचा भात दुपारपर्यंत कोमट पडून राहिला की ते पुन्हा डोके वर काढतात. मटण-कोंबडी ज्या विळीवर कापली त्याच विळीवर न धुता कोशिंबिरीचा कांदा चिरू नये. बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मिरच्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत, कारण भाजून-कुटून ते विष जात नाही.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही, वीज जाते-येते, त्यांनी सुरुवात कोरड्या पदार्थांपासून करावी, असा आमचा सल्ला आहे. पापड, कुरडया, शेवया, जवसाची आणि कारळाची चटणी, काळा मसाला हे पदार्थ पाण्याच्या अंशाअभावी टिकतात आणि त्यात जोखीम कमी असते. मटणाचा रस्सा, दही-ताकाचे पदार्थ, ओल्या नारळाची चटणी यांत जोखीम जास्त असते. पाणी आणि थंडाव्याची सोय झाल्यावर तिकडे वळावे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले, तेव्हा आमच्या स्वयंपाकाची नोंद मराठी साहित्याला घ्यावी लागली. आता तीच नोंद बाजाराने घ्यायची वेळ आली आहे, आणि ती १४ अंकी नोंदणी क्रमांकासह घेतली गेली पाहिजे.

इथपर्यंत आमच्या माणसांना सांगून झाले. आता सरकारला आणि महानगरपालिकांना चार शब्द.

छोट्या व्यावसायिकांसाठी असलेल्या स्वच्छतेच्या नियमांत असे म्हटले आहे की जागा स्वच्छ ठिकाणी असावी, आजूबाजूला घाण नसावी, पिण्यायोग्य पाणी असावे, सांडपाण्याचा निचरा व्हावा. एकही अट चुकीची नाही. पण प्रश्न असा की आजूबाजूची घाण कोणी आणून ठेवली? शहर वसवताना आमच्या वस्त्या नाल्याच्या काठी, कचराकुंडीशेजारी, गावाच्या खालच्या अंगाला कोणी ढकलल्या? जे हात साऱ्या शहराची गटारे साफ करतात, त्यांच्याच घरासमोरची गटारे उघडी का? रात्री-अपरात्री येणारे नळाचे पाणी पिंपात साठवून वापरण्याची पाळी कोणामुळे आली? या सगळ्याची उत्तरे त्या ताईने द्यायची आणि पालिकेने मात्र हात वर करायचे, हा कुठला न्याय?

कलम ३२ खाली अन्न सुरक्षेचा अधिकारी व्यावसायिकाला सुधारणेची नोटीस देऊ शकतो. ताईच्या ओट्यावर माशी दिसली तर तिला नोटीस मिळेल. ज्या उघड्या गटारावरून ती माशी आली, त्या गटाराच्या मालकाला नोटीस कोण देणार? आमची मागणी अशी की अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्याने वस्तीतल्या स्वयंपाकघराची तपासणी करताना पाणी आणि गटाराची स्थिती लेखी नोंदवावी, तिची प्रत पालिकेच्या विभाग कार्यालयाला पाठवावी आणि पालिकेने ठरावीक मुदतीत ते काम करावे. नोंदणी झालेल्या जागेची वर्षातून एकदा तपासणी व्हावी असे २०११ चे नियम सांगतात. ती तपासणी एकट्या बाईची न होता वस्तीच्या नळाची आणि नालीचीही झाली, तर नियमाला अर्थ येईल. नाहीतर स्वच्छतेच्या नावाने पुन्हा एकदा आमच्याच पोटावर पाय येईल आणि धंदा पुन्हा ज्यांच्याकडे फरशीचे स्वयंपाकघर आहे त्यांच्याच हाती जाईल.

दुसरी गोष्ट लेबलची. डब्याला लेबल लागत नाही, पण चटणी-पापडाचे बंद पाकीट विकायचे तर त्यावर पदार्थाचे नाव, घटक, वजन, तयार केल्याची आणि वापरण्याची तारीख, नोंदणी क्रमांक आणि बनवणाऱ्याचे नाव-पत्ता लिहावा लागतो. अट रास्त आहे. माल खराब निघाला तर जबाबदार कोण हे गिऱ्हाइकाला कळलेच पाहिजे. पण या देशात नावामागे आडनाव येते, आडनावामागे जात येते आणि पत्त्यात 'नगर' कोणाच्या नावाचे आहे ते वाचूनही जात शोधली जाते. म्हणून आमच्या काही भगिनी भलतेच नाव लावून माल विकतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही, पोटाचा प्रश्न त्यांचा आहे. पण चळवळीने त्यांना एवढे बळ दिले पाहिजे की पाकिटावर स्वतःचे नाव छापताना त्यांचा हात थरथरू नये. पाकिटावरचे हिरवे अथवा तपकिरी चिन्ह आत शाकाहारी आहे की मांसाहारी एवढेच सांगते. शिजवणाऱ्याची जात सांगणारे चिन्ह कायद्यात नाही. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली आणि २०१५ च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक व आर्थिक बहिष्कार घालणे हा गुन्हा ठरवला. एकट्या गिऱ्हाइकाला डबा घ्यायची सक्ती कायदा करू शकत नाही. पण कोणी सोसायटीत, गावात ठरवून "यांच्या हातचे घेऊ नका" म्हणेल, तर तो आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही, तो पोलीस ठाण्याचा प्रश्न होतो.

आता थोडे कडू बोलतो, ते समाजबांधवांनी गोड मानून घ्यावे. अन्न नासके निघाले आणि कोणी बोट दाखवले की प्रत्येक वेळी "आम्ही खालच्या जातीचे म्हणून बोलतात" ही ढाल पुढे करू नये. आपल्या वस्तीत आपल्याच ताईचा डबा कोण खातो? गवंडी, रिक्षावाला, हमाल, वसतिगृहातला विद्यार्थी. त्यांना विषबाधा झाली तर मजुरी बुडते, परीक्षा बुडते. गरिबाच्या पोटाला कमी स्वच्छ अन्न चालते, असे मानणे हीसुद्धा एक मनुवादी समजूतच आहे. १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला आपण मोठ्या प्रेमाने भोजनदान करतो. धार्मिक अथवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यालाही नियमांनी छोट्या व्यावसायिकांत धरले आहे, हे आपल्या किती मंडळांना माहीत आहे? एप्रिलच्या उन्हात सकाळी शिजवलेला भात संध्याकाळपर्यंत वाटत राहणे हे दान नव्हे, धोका आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी स्वच्छ राहण्याचे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे कळकळीने सांगितले. ते सवर्णांची मर्जी राखण्यासाठी नव्हते, आपल्या स्वतःच्या माणूसपणासाठी होते.

आणि एक प्रश्न आपण आरशासमोर उभे राहून विचारावा. डबा लावताना आपणही पोटजात विचारतो की नाही? सफाई कामगाराच्या घरचे लग्नात जेवतो, पण त्याच्या बायकोने पापड विकायला आणले तर घेतो का? जे प्रश्न आपल्याला बोचतात तेच आपण खाली ढकलत असू, तर दुसऱ्याच्या सोवळ्यावर बोलण्याचा अधिकार आपणच गमावतो.

म्हणून काम सांगतो. प्रत्येक बुद्धविहारात, समाजमंदिरात महिन्यातून एक संध्याकाळ नोंदणीचा अर्ज भरून देण्यासाठी ठेवा. शिकलेल्या तरुणांनी मोबाईलवर तो भरून द्यावा, म्हणजे १०० रुपयांच्या फीसाठी हजारो रुपये मागणाऱ्या दलालाचे काम उरणार नाही. ज्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत ओटा मावत नाही, अशा भगिनींच्या बचत गटाने समाजमंदिराच्या एका खोलीत नळ, मोरी, जाळीची खिडकी आणि फ्रीज असलेले सामाईक स्वयंपाकघर उभारावे आणि त्या जागेची नोंदणी करावी. नगरसेवकाकडे कमानीसाठी निधी मागतो तसा या स्वयंपाकघरासाठी मागावा. आणि नोकरी करणाऱ्या, सुस्थितीतल्या आपल्या बांधवांनी शाहू महाराजांचे अर्धे काम उचलावे. आठवड्यातून एक डबा तरी तिच्याकडून घ्यावा, आणि तो ऑफिसात चारचौघांसमोर उघडून, कुठून आणला ते नावासह सांगून खावा.

उद्या फोनवर कोणी आडनाव विचारले, तर आमच्या ताईने आडनाव अभिमानाने सांगावे. त्याच्या पाठोपाठ नोंदणी क्रमांक सांगावा आणि मग गिऱ्हाइकालाच विचारावे, "दादा, आडनाव विचारलंत, पाणी कुठलं वापरते ते नाही विचारलंत?"

जयभीम!